मतदारसंघाचा नकाशा आणि जनगणनेतला आपला रकाना

"जयभीम वकीलसाहेब, आपली मतं जातात तरी कुठं?"

लोणावळा-पुणे लोकलमध्ये दर निवडणुकीनंतर हा प्रश्न मला ठरलेला असतो. विचारणारे बदलतात. कधी मळवलीला चढलेला मुंबईचा उपासक असतो, कार्ला-भाजे लेणी पाहून निघालेला. कधी कामशेतचा गवंडी, कधी देहूरोडला उतरणारा डेपोतला निवृत्त कामगार. मी वडगावला कोर्टासाठी उतरतो. तोवरच्या अर्ध्या तासात जे उत्तर द्यायचे ते मी गेली वीस वर्षे एकच देत आलो: "गटबाजी, दुसरं काय?" समोरचाही मान डोलावतो आणि विषय संपतो.

हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. आणि अर्ध्या उत्तरावर समाधान मानायची आपल्याला सवय लागली आहे, म्हणून आज उरलेल्या अर्ध्यावर लिहितो.

आधी आपल्याच मावळचे आकडे पाहू. २०१९ च्या लोकसभेला श्रीरंग बारणे यांनी पार्थ पवार यांचा २,१५,९१३ मतांनी पराभव केला. देशभर गाजलेली लढत ती. त्याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीचे राजाराम पाटील यांना ७५,९०४ मते मिळाली. ना सत्ता, ना साखर कारखाना, ना पैसा. आणि तरी पाऊण लाख माणसांनी मत दिले. पाच वर्षांनी, २०२४ ला, बारणे यांनी संजोग वाघेरे यांना ९६,६१५ मतांनी हरवले, तेव्हा वंचितच्या माधवी जोशी २८ हजारांच्याही आत राहिल्या. संविधान बदलणार या भीतीने आपला मतदार आघाडीकडे वळला हे आपण सगळ्यांनी पाहिले. त्यात त्याची चूक मला दिसत नाही. पण दोन्ही वेळा निकालावर आपला ठसा काय उमटला? आपली मते वेगळी पडली तेव्हा ती धरून कुणी जिंकले नाही, आणि दुसऱ्याच्या पेटीत पडली तेव्हा ती आपली म्हणून कुणी मोजली नाहीत.

शेजारी पिंपरी विधानसभा आहे. राखीव मतदारसंघ. २०१४ ला तिथे शिवसेनेचे गौतम चाबुकस्वार २,३३५ मतांनी निवडून आले. राष्ट्रवादीचे अण्णा बनसोडे दुसरे, आणि आठवले गटाच्या चंद्रकांता सोनकांबळे अगदी त्यांच्या पाठोपाठ तिसऱ्या. इथे गटबाजी, तिकीटवाटप, कुणी कुणाची मते खाल्ली, ही सगळी चर्चा रास्त आहे. पण मावळ लोकसभेत गट एक झाले असते, अगदी सगळे निळे झेंडे एका काठीला लागले असते, तरी ७५ हजारांचे साडेसात लाख झाले नसते. तिथला पराभव प्रचाराला सुरुवात होण्याआधीच ठरलेला असतो, कारण मतदारसंघाच्या हद्दी तशा आखलेल्या आहेत.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते २७ वर्षांचे होते, आणि तेव्हापासून त्यांच्या मांडणीत उमेदवार कोण हा प्रश्न नंतर येतो. मतदारसंघ कसा, मताधिकार कुणाला, मत मोजायचे कसे, हे प्रश्न आधी येतात. येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सही करावी लागली, स्वतंत्र मतदारसंघ गेला, पण पुढची लढाई त्यांनी सोडली नाही. १९३७ च्या निवडणुकीला मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जात, आणि मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवाराला देता येत. विखुरलेल्या, थोड्या माणसांना ही पद्धत तारणारी होती, आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या यशात तिचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर द्विसदस्य मतदारसंघ राहिले, पण नियम बदलला. दोन मते आहेत, मात्र दोन्ही एकाला दिलीत तर दुसरे धरले जाणार नाही. १९५२ ला उत्तर मुंबईतून घटनेचे शिल्पकार १४,५६१ मतांनी हरले. त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, ती का, हे आपल्या तरुण वकिलांनी एकदा मुळातून वाचावे. बाबासाहेबांचे विचार आपण भाषणात सांगतो, पण त्यांचे कायद्याचे बारीक काम वाचायचा कंटाळा करतो. मीही केला आहे.

आता मावळचा नकाशा समोर घेऊ. २००८ पूर्वी मावळ नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने फेररचना केली आणि २००९ ला पहिली निवडणूक झाली. त्यात सहा विधानसभा क्षेत्रे: मावळ, चिंचवड, पिंपरी ही पुणे जिल्ह्यातली, पनवेल, कर्जत, उरण ही रायगडमधली. मध्ये उभा आहे बोरघाट. २००२ च्या परिसीमन कायद्याचे कलम ९ म्हणते की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या सलग असावेत, आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार व्हावा. सह्याद्रीपेक्षा मोठी नैसर्गिक रचना महाराष्ट्रात दुसरी कोणती असेल, ते मला कुणी सांगावे. उरणचा मीठागर आणि बंदरावरचा माणूस, माथेरानचा घोडेवाला आणि पवन मावळातला भातशेतकरी यांचा खासदार एक. नाव मावळचे, पण चिंचवड किंवा पनवेल या एकेका क्षेत्रात मावळच्या दीडपटीहून अधिक मतदार आहेत.

याच मतदारसंघात ९ ऑगस्ट २०११ रोजी काय घडले ते आठवा. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. पाणी देणारे आणि पाणी घेणारे एकाच लोकसभा मतदारसंघातले! अशा ठिकाणी खासदार कुणाची बाजू घेणार? जिथे मते जास्त तिथली, हे उघड आहे.

आपल्या वस्त्यांचे काय झाले, तेही याच नकाशात दिसते. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला आहे. बौद्धांसाठी या पट्ट्याइतकी जवळची भूमी पश्चिम महाराष्ट्रात क्वचित सापडेल. पण देहूरोड छावणी, जिची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ४९ हजार होती, विधानसभेला मावळमध्ये आहे, खुल्या मतदारसंघात. आकुर्डी-पिंपरी लोकलने दहा-पंधरा मिनिटांवर, आणि तिथे राखीव मतदारसंघ. लोकलच्या एकाच रुळावरची आपली माणसे अशी वाटली गेली आहेत. यात कुणी कट केला असे मी म्हणत नाही. छावणी हे वेगळे प्रशासकीय क्षेत्र आहे, तालुक्याची हद्द आहे, आयोगाकडे देण्यासारखी कारणे असतील. मुद्दा असा की ही रेघ तिथेच का, असे त्या वेळी कुणी विचारलेच नाही.

हे मी खात्रीने म्हणतो, कारण तेव्हा मी नुकती सनद घेतली होती. कायद्याप्रमाणे आयोगाला मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात, जाहीर बैठका घ्याव्या लागतात. आयोगाला मदत करायला प्रत्येक राज्यातून दहा सहसदस्य असतात, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना मताचा अधिकार नसला तरी नकाशा त्यांच्या डोळ्यांखालून जातो, आणि आपले गाव कुठे गेले ते त्यांना आधी कळते. प्रस्थापित पक्षांचे लोक गठ्ठ्याने अर्ज घेऊन धावले. आपल्याकडे मात्र एकच चर्चा: पिंपरी राखीव झाली तर तिकीट कुणाला? मी स्वतः अशा तीन बैठकांना बसलो. चहा झाला, भाषणे झाली, दोन कार्यकर्त्यांत हमरीतुमरी झाली. हरकतीचा एक कागद लिहा, असे मलाही सुचले नाही, आणि त्या खोलीत कायदा शिकलेला मी एकटा होतो.

एकदा अंतिम आदेश राजपत्रात आला की दार बंद. संविधानाचे कलम ३२९ न्यायालयांना या कायद्याच्या वैधतेत हात घालू देत नाही आणि परिसीमन कायदाही तेच सांगतो. मेघराज कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ ला यावर शिक्कामोर्तब केले. २०२४ च्या जुलैमध्ये किशोरचंद्र राठोड यांच्या प्रकरणात न्यायालयाने थोडी फट ठेवली: आदेश उघड मनमानीचा आणि घटनामूल्यांशी विसंगत असेल तर उच्च न्यायालयांना तपासता येईल. फट आहे, पण तिच्यातून जायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हरकतीच्या वेळी आपण काय मांडले होते त्याची नोंद.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. आपले दलित पँथरचे नाव त्यांच्याकडून आले, तेव्हा त्यांचे नकाशेही पाहायला हरकत नाही. मतदारसंघ सोयीने वाकवायची चाल तिथे १८१२ पासून बदनाम आहे, मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरमुळे तिला नावही पडले. अलाबामा हे तसे छोटे राज्य, काँग्रेसचे सात मतदारसंघ. लोकसंख्येत चौथ्या हिश्शाहून जास्त कृष्णवर्णीय, पण नकाशा असा की त्यांचे बहुमत फक्त एका मतदारसंघात. बाकीची वस्ती इतरांत थोडी थोडी वाटून टाकलेली. २०२१ ला ते कोर्टात गेले ते नुसता अन्यायाचा पाढा घेऊन गेले नाहीत. त्यांनी अकरा पर्यायी नकाशे तयार करून दाखवले, की सलगता, समान लोकसंख्या हे सगळे नियम पाळूनही दुसरा मतदारसंघ आखता येतो. जून २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. २०२४ ला त्या राज्यातून प्रथमच एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून गेले. पुढे त्याच कायद्याच्या कलमावर नवे खटले उभे राहिले, तिथेही काही कायमचे जिंकलेले नसते. पण अकरा नकाशे! आपण आजवर एक तरी काढला आहे का?

आता मूळ दुखण्याकडे येतो. नकाशा आखला जातो तो जनगणनेवर, आणि जनगणनेत आपण किती आहोत हे आपल्याच घराच्या उंबऱ्यावर ठरते.

महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या राखीव जागा २००८ पूर्वी १८ होत्या. फेररचनेनंतर २९ झाल्या. लोकसभेच्या तीनच्या पाच झाल्या. ही कुणाची कृपा नव्हती. जुनी रचना १९७१ च्या जनगणनेवर होती, आणि तेव्हा धर्मांतरित बौद्ध कायद्याने अनुसूचित जातीत नव्हते. राज्यात सुमारे ३२ लाख ६४ हजार बौद्ध, आणि राखीव जागांच्या हिशेबात शून्य. इतकेच नाही. १९६२ ला नागपुरातल्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रद्द केली, कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. दीक्षा घेतली म्हणून आमदारकी गेली! १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले, २००१ च्या जनगणनेत ती माणसे मोजली गेली, आणि मग अकरा जागा वाढल्या. पुणे जिल्ह्यात आधी एकटी पर्वती राखीव होती, आता पिंपरी आणि पुणे छावणी आहे.

मग २०११ ला काय झाले? महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदलेले ५२,०४,२८४. उरले १३ लाख २६ हजार. यातले काही ओबीसी, आदिवासी वा इतर समाजांतून धम्मात आलेले आहेत, ते वेगळे धरायला हवेत. पण त्यात फार मोठा भाग तुमच्या-माझ्या घरचा आहे, असे मी अनुभवावरून म्हणतो. जनगणनेत धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा वेगळा. दुसऱ्या रकान्यात यादीतले नाव लागते: महार, मेहरा, तराळ, मांग, चांभार, जे असेल ते. तिथे 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' सांगितले की ते यादीत सापडत नाही, आणि माणूस हिशेबातून जातो. २०११ च्या आकड्यांप्रमाणे अनुसूचित जाती ११.८१ टक्के, म्हणजे २८८ पैकी ३४ जागा. हे तेरा लाख सगळे धरले असते तर आकडा तेरा टक्क्यांपर्यंत जाऊन ३७ झाला असता. सगळे धरू नका, अर्धे धरा. तरी एक-दीड जागा रकाना रिकामा राहिल्याने जाते.

माझ्याच घरचे सांगतो. २०११ ला गणना करणारे मास्तर आले तेव्हा वडील ओट्यावर पेपर वाचत होते. धर्म? "बौद्ध." अनुसूचित जाती-जमातीचे का? वडील उभे राहिले. "जात छप्पनला नागपुरात सोडली. पुढचं विचारा." मास्तर ओशाळले, त्यांनी 'नाही' लिहिले आणि पुढच्या घरी गेले. मी दारात उभा होतो, काळा कोट अंगात, आणि मला वडिलांचा अभिमान वाटला. आजही वाटतो. पण त्या दिवशी आमच्या घरातली सहा माणसे राखीव जागांच्या हिशेबातून गेली, आणि घरातल्या वकिलाने ती जाऊ दिली.

हा विषय काढला की चळवळीतले जुने लोक रागावतात. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि आता पुन्हा जात लिहायची? त्यांचा राग मी हलका मानत नाही. ज्या शब्दासाठी आपल्या आज्याला पाणवठ्यावरून हाकलले तो शब्द स्वतःच्या तोंडाने सांगायचा, हे सोपे नाही. पण एक विचारतो. मुलाच्या केंद्राच्या दाखल्यासाठी तहसीलदारासमोर आपण तोच शब्द लिहून देतो ना? पडताळणी समितीपुढे आजोबांच्या शाळेचा दाखला काढतो, त्यावर तोच शब्द असतो ना? शिष्यवृत्तीला चालतो, नोकरीला चालतो, आणि ज्या एका कागदावरून आमदार-खासदारांच्या जागा ठरतात तिथे मात्र स्वाभिमान आडवा येतो? धर्माच्या रकान्यात बौद्धच, त्यात तडजोड नाही. तिथे 'हिंदू' लिहिले गेले तर बौद्धांची संख्या बुडते. दुसरा रकाना श्रद्धेचा नाही, कायद्याच्या यादीचा आहे. १९९० च्या दुरुस्तीसाठी आपण चौतीस वर्षे भांडलो ते दोन्ही रकाने एकाच माणसाला भरता यावेत म्हणूनच.

राखीव जागा वाढल्या की आपले भले झाले, असे मात्र कुणी समजू नये. पुणे कराराची मेख तिथेच आहे: राखीव जागेवर निवडून कोण येणार हे बहुतेक वेळा आपली मते ठरवत नाहीत. उलट १९९८ ला प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे लोकसभेत गेले ते चारही खुल्या मतदारसंघांतून. म्हणजे राखीव जागा हेच सर्वस्व नव्हे. आपली वस्ती एकसंध राहून कुठे वजनदार ठरते, हेही तितकेच मोलाचे. कलम ९ मध्ये अनुसूचित जातींच्या जागा राज्यभर विखराव्यात आणि त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे द्याव्यात असे आहे. 'तुलनेने जास्त' म्हणजे कुठे, हे आकड्यांनी दाखवणाऱ्याचे ऐकले जाते.

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि यावेळी सर्वच जाती नोंदल्या जाणार आहेत. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने महिला आरक्षणाची गाठही फेररचनेशी बांधली. मावळ, देहूरोड, पिंपरी यांच्या रेघा पुन्हा आखल्या जातील तेव्हा आपण काय घेऊन जाणार?

मला वाटते, आत्तापासून वस्तीवार वह्या कराव्यात. लोणावळ्यातल्या भांगरवाडीपासून देहूरोडच्या गांधीनगरपर्यंत कोणत्या यादीभागात आपली किती घरे, हे विहारात बसून दोन महिन्यांत निघेल. पोरांना मोबाईलवर नकाशे येतात, आम्हा वकिलांना कलमे येतात, वयस्करांना कुठली आळी कुणाची ते ठाऊक असते. तिकीट कुणाला, हा विषय या बैठकांत काढणाऱ्याला मी तरी चहा पाजणार नाही.

परवा वडिलांना हे सगळे वाचून दाखवले. ऐंशी उलटली आहे, कान मंद झालेत, पण मध्येच थांबवून आकडे दोनदा विचारले. तेरा लाख? तेरा लाख. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धर्माचा रकाना मी सांगणार. दुसरा तू सांग, मी तेवढ्यात आत जातो."